कोरा सातबारा आणि चोख मालकी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक टायपात जाहीर नोटिसा छापून येतात. अमुक गावची अमुक गट नंबरची मिळकत आमच्या अशिलांनी खरेदी करण्याचे ठरवले आहे. तिच्यावर कोणाचा गहाण, दान, बक्षीस, लीज, पोटगी, वहिवाट, वारसा, जप्ती किंवा अन्य कोणताही हक्क असेल तर चौदा दिवसांत मूळ कागदांनिशी कळवावे, न कळवल्यास तसा हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल, असा त्यांचा ठरलेला साचा. बहुतेक वाचक ते पान उलटतात. पण जमिनीच्या मालकीला कुठून कुठून भगदाड पडू शकते, याची इतकी नेटकी यादी दुसरीकडे सापडणार नाही. त्यातला प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या कोर्टात वर्षानुवर्षे लढला गेलेला आहे.

नोटिशीतले शेवटचे वाक्य मात्र वाटते तितके जोरकस नाही. चौदा दिवसांत हरकत आली नाही म्हणून कोणाचा खरा हक्क बुडत नाही. मुंबईत राहणाऱ्या बहिणीने साताऱ्याचा पेपर वाचला नाही, एवढ्याने तिचा वडिलोपार्जित हिस्सा संपत नाही. खरेदीदाराने आपल्या परीने चौकशी केली होती हे उद्या कोर्टात दाखवता येते, इतकाच नोटिशीचा उपयोग. ‘नोटीस दिली, कोणी आले नाही, टायटल क्लिअर’ हे गणित मनातून काढून टाकायला हवे; आणि ‘सातबारा नावावर आहे, मग प्रश्नच नाही’ हे त्याच्याही आधी.

आपल्याकडे कोणतेही सरकारी कार्यालय मालकीची हमी देत नाही. तलाठी देत नाही, दुय्यम निबंधक देत नाही, भूमी अभिलेख खाते देत नाही. प्रत्येकाकडे मालकीच्या गोष्टीचा एकेक तुकडा असतो आणि ते तुकडे जुळवण्याचे काम कायद्याने खरेदीदाराच्या गळ्यात घातलेले आहे. आयुष्याची पुंजी घालून एखादा गुंठा किंवा दोन खोल्यांची सदनिका घेणाऱ्या माणसाला हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर.

सातबारा हा मुळात महसुलाचा कागद. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एका पानावर आल्याने सातबारा. सरकारने सारा कोणाकडून घ्यायचा, हे ठरवण्यासाठी ही व्यवस्था उभी राहिली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५७ सांगते की, या नोंदी उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानाव्यात. ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ हे तीन शब्द महत्त्वाचे. फेरफार झाल्याने मालकी मिळत नाही आणि फेरफार न झाल्याने ती जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मधल्या सवर्णी विरुद्ध इंदर कौर या निकालात सांगितले आणि २०२१ मध्ये जितेंद्र सिंग प्रकरणात पुन्हा बजावले. शहरातल्या मिळकत पत्रिकेलाही हेच लागू. नाव लागले ते कशाच्या जोरावर लागले, हा खरा प्रश्न: खरेदीखत, वाटणी, मृत्युपत्र, वारसा की कोर्टाचा हुकूमनामा?

याचा अर्थ सातबारा कुचकामी, असा अजिबात नाही. कोणते प्रश्न विचारायचे हे तोच सांगतो. अट एवढीच की, तो डोळ्यांत तेल घालून वाचला पाहिजे. एखादा नेहमीचा उतारा समोर धरू. डावीकडे भूधारणा पद्धती: ‘भोगवटादार वर्ग-१’ की ‘वर्ग-२’. वर्ग-१ म्हणजे विकण्यास सर्वसाधारणपणे मोकळी जमीन. वर्ग-२ असेल तर ती सरकारने काही शर्तींवर दिलेली, आणि परवानगीवाचून तिचा व्यवहार होत नाही. खाली भोगवटादारांची नावे. त्यांतल्या काहींना कंस केलेला असतो. म्हणजे ते नाव कमी झाले आहे. प्रत्येक नावाशी फेरफाराचा क्रमांक जोडलेला. हे क्रमांक म्हणजे त्या जमिनीचा इतिहास. कंसातल्या माणसाचे नाव कोणत्या फेरफाराने कमी झाले, तो फेरफार कोणत्या दस्तावरून पडला, मंडळ अधिकाऱ्याने तो ‘मंजूर’ केला की ‘रद्द’, हितसंबंधीयांना नोटिसा बजावल्या होत्या का, हे सगळे गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत सापडते. नुसता आजचा सातबारा पाहून व्यवहार करणे म्हणजे कादंबरीचे शेवटचे पान वाचून गोष्ट कळली असे मानणे.

मग उजवीकडचा ‘इतर हक्क’ रकाना. माझ्या मते सगळ्या उताऱ्यात मोलाचा मजकूर इथेच असतो आणि घाईत हाच वाचायचा राहतो. ‘वि. का. स. सोसायटी बोजा’, ‘बँक गहाण’, ‘विहिरीत सामाईक हक्क’, ‘वहिवाटीचा रस्ता’, ‘कुळ कायदा कलम ४३ चे बंधनास पात्र’, ‘पुनर्वसनासाठी संपादित’, ‘दिवाणी दावा’ असल्या तुटक ओळी तिथे असतात. यांतली एकेक ओळ लाखोंचा व्यवहार थांबवू शकते.

सोसायटीचा बोजा घ्या. शेतकरी गावच्या विविध कार्यकारी सोसायटीकडून पीककर्ज घेताना एक जाहीरनामा लिहून देतो. त्याला सगळे इकरार म्हणतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे या इकराराने त्यात लिहिलेल्या जमिनीवर सोसायटीचा बोजा चढतो आणि तलाठी तो इतर हक्कात घेतो. याच कलमात पुढे म्हटले आहे की, कर्ज व्याजासह पूर्ण फिटेपर्यंत सभासदाने ती जमीन किंवा तिचा भाग हस्तांतरित करू नये, आणि केल्यास तो व्यवहार रद्दबातल. म्हणजे कर्ज चाळीस हजारांचे आणि जमिनीचा सौदा चाळीस लाखांचा असला, तरी आधी ते चाळीस हजार. ‘किरकोळ बोजा आहे, नंतर भरून टाकू’ असे विकणारा म्हणतो तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो. त्याच्या दृष्टीने ती रक्कम किरकोळच असते. कायदा रक्कम बघत नाही.

बोजाच्या नोंदीत चूक दोन्ही बाजूंनी संभवते. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटले, पण सोसायटीचा दाखला तलाठ्याकडे कोणी नेलाच नाही, त्यामुळे बोजा कागदावर तसाच लोंबकळतो. हा त्रासदायक, पण निवारता येणारा प्रकार. दाखला, अर्ज, फेरफार, संपले. उलट प्रकार धोक्याचा. सातबारा कोरा आहे, इतर हक्कात एक अक्षर नाही, पण जमिनीवर कर्ज मात्र आहे, कारण ते कर्ज सातबाऱ्यापर्यंत पोचलेच नाही. ‘सातबारा कोरा करा’ ही घोषणा आपण इतकी वर्षे ऐकतो आहोत की, कोरा म्हणजे निर्वेध असे मनात पक्के बसले आहे. ते तसे नाही.

बोजा सातबाऱ्याबाहेर कसा राहतो? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये गहाणाचे प्रकार दिले आहेत. नोंदणीकृत गहाणखत सरळ असते; दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंद होते आणि शोध घेणाऱ्याला ते सापडते. पण बँकांचा लाडका प्रकार दुसराच. कर्जदार आपले मूळ खरेदीखत बँकेच्या हवाली करतो आणि तेवढ्याने गहाण पुरे होते. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या व्यापारी शहरांसाठी कायद्याने ही सोय ठेवली होती. पुढे सरकारी अधिसूचनांनी इतर गावेही त्यात आली. नोंदणीवाचून, कोणाला पत्ता न लागता, कपाटातला कागद एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला की मिळकत गहाण. अनेक वर्षे महाराष्ट्रात अशा गहाणांची सार्वजनिक खूण कुठेच उमटत नसे. म्हणूनच मूळ कागद बघितल्याशिवाय विसार देऊ नये, असा जुन्या वकिलांचा हट्ट असे, आणि तो आजही शहाणपणाचा आहे. रंगीत झेरॉक्स हुबेहूब निघतात. ‘मूळ दस्त हरवला’ असे विकणारा सांगू लागला, पोलिसांतली तक्रार दाखवू लागला, की कागद खरोखर हरवलाही असेल, पण तो एखाद्या बँकेच्या तिजोरीत तर नाही ना, हे आधी तपासायचे.

हे तपासण्याचे दोन मार्ग आता आहेत. १ एप्रिल २०१३ पासून महाराष्ट्रात नोंदणी कायद्याच्या कलम ८९-ब प्रमाणे, मूळ कागद ठेवून गहाण दिल्यावर तीस दिवसांत त्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे दाखल करणे कर्जदारावर बंधनकारक झाले. वकिलांच्या बोलण्यात ती ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’. ती नोंदणी कार्यालयाच्या इंडेक्समध्ये, म्हणजे दस्तांच्या सूचीत, दिसते. दुसरा मार्ग सरसाई, म्हणजे बँका-वित्तसंस्थांच्या तारण हक्कांची केंद्रीय नोंदवही. २०११ मध्ये ती सुरू झाली. एकाच सदनिकेवर दोन-तीन बँकांकडून कर्ज उचलण्याचे प्रकार थांबावेत, हा तिचा हेतू. थोडी फी भरून कोणीही तिथे मिळकतीचा शोध घेऊ शकतो. सामान्य खरेदीदाराला तिचे नावही माहीत नसते, याची मला खंत वाटते. लाखोंच्या व्यवहारात सगळ्यांत स्वस्त तपासणी हीच आहे.

या नोंदवहीला नुसते माहितीचे मोल नाही. एका मिळकतीवर बँकेचे तारण आणि विक्रीकर खात्याची थकबाकी अशी दोन ओझी असली, तर आधी कोणाचे फिटायचे? महाराष्ट्राचा मूल्यवर्धित कर कायदा सरकारी थकबाकीला पहिल्या बोजाचा मान देत होता. जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये निकाल दिला की, केंद्रीय कायद्यानुसार सरसाईत नोंद केलेल्या तारणधारक बँकेचा हक्क राज्याच्या कर थकबाकीच्या आधी येतो. नोंद केली नसेल तर तो अग्रक्रम मिळत नाही. बँकेच्या लिलावात मिळकत घेणाऱ्यांनी हा निकाल आपल्या वकिलाकडून जरूर समजून घ्यावा, कारण ‘बँकेकडून घेतली म्हणजे स्वच्छ’ ही समजूतही बरीच पसरलेली आहे. लिलावाच्या जाहिरातीत ‘जसे आहे तसे’ असे छापलेले असते आणि महापालिकेपासून सोसायटीपर्यंतची थकबाकी त्या शब्दांआड उभी असू शकते.

बोजाचा स्वभावच असा की, तो माणसाच्या मागे न जाता मिळकतीच्या मागे जातो. मालक बदलला तरी गहाण बदलत नाही. नव्या मालकाच्या हातात जमीन गहाणासकट येते. काही बोजे कोणी लिहून न देता कायद्यानेच चढतात. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ प्रमाणे मालमत्ता कर हा मिळकतीवर पहिला बोजा असतो. किंमत पूर्ण न मिळता खरेदीखत करून दिले, तर उरलेल्या रकमेपुरता विक्रेत्याचा बोजा राहतो. मात्र पैसे मोजून आणि माहिती नसताना घेणाऱ्याविरुद्ध असा बोजा चालतोच असे नाही. अहमदाबाद महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये, कायद्यात तसे स्पष्ट म्हटलेले नसेल तर कराचा बोजा अनभिज्ञ खरेदीदाराच्या मिळकतीवर लागू करता येत नाही, असे ठरवले. पण ‘मला माहीत नव्हते’ हे तेव्हाच टिकते, जेव्हा वाजवी चौकशी करूनही कळणे शक्य नव्हते. इंडेक्समध्ये नोंद असताना ती पाहिली नाही, असे म्हणून सुटका नाही. नोंदणी झालेल्या दस्ताची माहिती सगळ्यांना आहे असे कायदा मानतो. विजेच्या जुन्या थकबाकीचेही असेच. केरळ वीज मंडळाच्या प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानुसार ती आपोआप जागेवर बोजा होत नाही, पण वितरण कंपनी नवी जोडणी देण्यापूर्वी ती मागू शकते. जुना कारखाना किंवा गाळा घेताना शेवटचे वीजबिल मागून घ्यावे.

कोर्टातले दावे हा आणखी एक अदृश्य बोजा. एखाद्या जमिनीच्या हक्काबद्दल दावा चालू असताना ती घेतली, तर घेणाऱ्यावर त्या दाव्याचा निकाल बंधनकारक असतो, मग तो त्या दाव्यात पक्षकार असो वा नसो. ही १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातल्या कलम ५२ ची शिकवण. मुंबई इलाख्याने १९३९ मध्ये यात दुरुस्ती करून दाव्याची नोटीस नोंदणी कार्यालयात नोंदवण्याची तरतूद आणली. ती मुंबईपासून सुरू झाली. जिथे ही नोटीस नोंदवलेली असते, तिथे इंडेक्स चाळताना ती हाती लागते. तरीही विकणाऱ्याच्या आणि त्याच्या भावंडांच्या नावाने ई-कोर्टच्या संकेतस्थळावर शोध घ्यायलाच हवा. कोर्टाने जप्ती आणल्यानंतर झालेली विक्री त्या जप्तीखालच्या दाव्यांपुरती निरर्थक ठरते, हेही लक्षात असावे.

आता मालकीच्या साखळीकडे. महाराष्ट्रातल्या बहुतांश टायटलच्या भानगडी बँकेमुळे नव्हे, घरातून येतात, असे माझे ठाम मत आहे. जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेले दिसते: एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एकाचे, हक्क सगळ्यांचा. पुढे थोरला भाऊ वारतो, त्याच्या मुलांची वारसनोंद होते, ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे नव्या उताऱ्यात गळून पडतात, आणि धाकट्या भावांच्या हक्काची कागदोपत्री खूण पुसली जाते. हक्क पुसला जात नाही. तीस वर्षांनी एखादा पुतण्या दावा लावतो तेव्हा खरेदीदार म्हणतो, सातबारा तर स्वच्छ होता.

मुलींचा प्रश्न याहून मोठा. महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हिस्सा दिला होता. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या मुली जन्मतः सहदायाद झाल्या. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, यावर पंधरा वर्षे मतभेद चालले आणि विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी निकाल दिला की, हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्री आणि वाटण्या तेवढ्या कायद्याने सुरक्षित ठेवल्या आहेत. तरीही गावोगाव आजही मुलींची नावे वारसनोंदीत येत नाहीत, किंवा येतात ती लगेच हक्कसोडपत्रावर सही घेऊन कमी करण्यासाठी. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार. पण ते हक्कसोडपत्र नोंदणीकृत असले पाहिजे. तलाठ्यासमोरच्या जबाबाने किंवा शंभराच्या स्टॅम्पवरच्या नोटरी कागदाने स्थावरातला हक्क जात नाही. खरेदीदाराने विक्रेत्याला थेट विचारावे: बहिणी किती, आत्या किती, त्यांच्या सह्या कुठे आहेत? हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. एखाद्या बाईचा हिस्सा तिच्या नकळत विकत घेण्यापेक्षा तो संकोच सोडणे बरे.

कुळकायद्याच्या जमिनींची गोष्ट निराळी. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणाऱ्या कुळांना मालक मानण्यात आले. ३२-ग खाली किंमत ठरली आणि ती भरल्यावर ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले. अशा जमिनीवर कलम ४३ चे बंधन असते, म्हणजे विक्रीला पूर्वपरवानगी. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर आकारणीच्या चाळीसपट रक्कम भरून परवानगीवाचून विक्री करता येते. म्हणून इतर हक्कातली ‘कलम ४३’ ही ओळ बघून घाबरून पळण्याचे कारण नाही, आणि ती दुर्लक्षून सही करण्याचेही नाही. आदिवासी खातेदारांच्या जमिनी मात्र वेगळ्याच पातळीवर संरक्षित आहेत. महसूल संहितेच्या कलम ३६-अ खाली मंजुरीवाचून त्या बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाहीत आणि तशा गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ चा स्वतंत्र कायदा आहे. देवस्थान इनामाच्या जमिनींपासून तर वकिलाने हात जोडून सांगण्याची वाट न पाहता दूरच राहावे.

‘पण नोंदणी झाली ना, सरकारने स्टॅम्प ड्युटी घेतली ना?’ हा प्रश्न मनापासून विचारला जातो, आणि त्यातला राग मला रास्त वाटतो. दुय्यम निबंधक दस्ताची नोंद करतो: ही माणसे आली, त्यांनी सह्या केल्या, मुद्रांक भरला. विकणाऱ्याकडे विकायला काही आहे का, हे ठरवणे त्याचे काम नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये के. गोपी प्रकरणात तमिळनाडूचा एक नियम रद्द करताना हेच सांगितले की, विक्रेत्याच्या मालकीची शहानिशा नोंदणी अधिकाऱ्याच्या कक्षेत येत नाही. कुलमुखत्यारपत्र, साठेखत आणि ताबापावती यांच्या जोरावर जमीन घेणाऱ्यांना २०११ च्या सूरज लॅम्प निकालाने सांगून ठेवले आहे की, नोंदणीकृत खरेदीखताशिवाय मालकी येत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सच्या पुढाकाराने १८५८ पासून दुसरी पद्धत चालू आहे: सरकारी नोंदवहीत नाव असेल तो मालक, आणि नोंद चुकली तर भरपाईची जबाबदारी सरकारी निधीची. भारतात २००८ पासून भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा कार्यक्रम त्या दिशेने बोलतो आहे आणि २०२० मध्ये नीती आयोगाने निश्चित मालकीच्या आदर्श कायद्याचा मसुदाही केला. तो दिवस येईपर्यंत जुने दस्त चाळून वकिलाने दिलेल्या शोध अहवालाला पर्याय नाही.

शोध साधारण तीस वर्षांचा घेतात. तीसच का? गहाण सोडवण्याचा दावा करायला मुदतीच्या कायद्याने तीस वर्षे दिली आहेत, आणि तीस वर्षे जुना, योग्य जागेतून आलेला दस्त कोर्ट खरा धरू शकते. वकील सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे आपल्या रोजच्या ‘इंडेक्स टू’मध्ये, वर्षावर्षाने ती मिळकत शोधतो. इथे एक खाच आहे. एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, शहरात सिटी सर्व्हे नंबर पडले. नुसत्या आजच्या गट नंबरवर शोध घेतला तर आधीचे दस्त निसटतात. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालावा लागतो. अहवाल हाती आला की शेवटचे ‘टायटल क्लिअर व मार्केटेबल’ हे शब्द वाचून फाइल मिटू नका. मधे कुठेतरी ‘काही वर्षांची पाने फाटलेली’, ‘इंडेक्स तयार नाही’, ‘उपलब्ध अभिलेखावरून’ असे लिहिलेले असते. ती वर्षे कोणती आणि त्या काळात जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, हे वकिलाला विचारा. अहवाल कोणी मागवला हेही पाहा. बिल्डरने दिलेला अहवाल ही चौकशीची सुरुवात समजावी.

सदनिका घेणाऱ्यांची काळजी थोडी हलकी झाली आहे. रेरा कायद्याच्या कलम ११ प्रमाणे विक्रीकरार केल्यानंतर विकासकाला ती सदनिका गहाण टाकता येत नाही, आणि टाकली तरी त्याचा घेणाऱ्याच्या हक्कावर परिणाम होत नाही. जमिनीच्या मालकीतच दोष निघाला तर कलम १८ खाली भरपाई मागता येते आणि तिला मुदतीची आडकाठी नाही. जुन्या इमारतींत अडचण वेगळी: इमारत उभी राहून चाळीस वर्षे झाली, पण खालची जमीन अजून विकासकाच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर. त्यासाठी १९६३ च्या मोफा कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे ती जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची, सोय आहे. फेरविक्रीत विक्रेत्याचे गृहकर्ज चालू असेल तर बँकेकडून थकीत रकमेचे पत्र घ्यावे आणि तेवढी रक्कम विक्रेत्याच्या हाती न देता थेट कर्जखात्यात भरावी.

गोव्यात घर किंवा भाट (माडांची बाग) घेऊ पाहणाऱ्या महाराष्ट्रीयांसाठी दोन शब्द. तिथे सातबाऱ्याच्या जागी एक-चौदाचा उतारा असतो, पण त्याच्या मागे पोर्तुगीज काळातल्या नोंदणीचे वर्णन आणि नोंदीचे क्रमांक उभे असतात. तेही काढून वाचावे लागतात. गोव्याच्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मिळकत साधारणपणे सामाईक असते, त्यामुळे कागदावर एकट्या नवऱ्याचे नाव असले तरी बायकोच्या सहीवाचून विक्री पुरी होत नाही. वारसांची वाटणी ‘इन्व्हेंटरी’च्या कार्यवाहीतून झाली का, हे पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये.

खरेदीखत झाले की काम संपले असे वाटते, पण आपली बाजू नोंदवण्याचे काम तिथून सुरू होते. फेरफाराचा अर्ज झाला का, हितसंबंधीयांना नोटिसा गेल्या का, पंधरा दिवसांच्या हरकत-मुदतीनंतर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली का, याचा पाठपुरावा स्वतः करावा. स्वतःचे कर्ज फिटल्यावर तर विशेष जागरूक राहावे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत बँकेने मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवहीतला बोजा उतरवायचा. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हातात आले की नोंदणीकृत गहाण असल्यास मुक्तीचा दस्त करून घ्यावा, सरसाईतली नोंद बंद झाल्याची खात्री करावी आणि बोजा कमी केल्याचा फेरफार पडून नवा उतारा निघेपर्यंत बेबाकी दाखल्याची प्रत जपून ठेवावी.